पिशवी काढली तरी तिचा रिपोर्ट टाकून देऊ नका

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या महिला पुरवणीत गर्भपिशवीतल्या गाठींवर म्हणजे फायब्रॉइडवर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला, मैत्रिणींना पण वाचायला दिला. लेख चांगलाच होता, बायका ज्या गोष्टी घरात बोलत नाहीत त्या त्यात सरळ लिहिल्या होत्या. फक्त शेवटी एक वाक्य होतं की पिशवी काढली की गाठींचा विषय कायमचा संपतो. शंभरातल्या नव्याण्णव बायकांच्या बाबतीत ते खरंच आहे, पण माझ्या बाबतीत तसं झालं नाही आणि ते कळायला माझे पाच महिने गेले, म्हणून हे पत्र लिहितेय. जरा मोठं झालंय पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

माझी पिशवी २०११ च्या मार्चमध्ये काढली. तेव्हा मी ३८ वर्षांची होते, दोन मुलं झालेली. अंगावरून इतकं जायचं की वर्गात फळ्याकडे वळायची भीती वाटायची, त्या दिवसांत गडद रंगाच्याच साड्या नेसायचे, हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. सोनोग्राफीत तीन गाठी निघाल्या, मोठी ९ सेंटीमीटरची. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, शेवटी तालुक्याच्या गावी ऑपरेशन केलं. वय कमी म्हणून अंडाशयं ठेवली. ऑपरेशन गरजेचं होतं आणि चांगलं झालं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आठ दिवसांनी टाके काढायला गेले तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, तपासणीचा रिपोर्ट आलाय, साधी गाठ आहे, कॅन्सर वगैरे काही नाही, आता मोकळ्या झालात. मी पण तो कागद घडी करून हातातल्या कापडी पिशवीत टाकला आणि विसरले. कॅन्सर नाही म्हटल्यावर त्या कागदाचं पुढे काय काम असं कुणालाही वाटेल.

मग २०२३ च्या जुलैमध्ये पित्ताशयात खडे निघाले, त्याच्या ऑपरेशनच्या फिटनेससाठी छातीचा एक्सरे काढला. मला ना खोकला ना ताप ना धाप, रोज दोन किलोमीटर चालत शाळेत जायचे. एक्सरे काढणाऱ्या मुलाने फिल्म बघितली आणि मला बाहेर बसवून मिस्टरांना आत बोलावलं, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. दोन्ही फुप्फुसांत गोल गोल पांढरे डाग, कुणीतरी कापसाचे गोळे करून चिकटवावेत तसे.

आपल्याकडे फुप्फुसात डाग म्हटलं की आधी टीबीच डोक्यात येतो, आणि त्यात डॉक्टरांची चूक आहे असं मी म्हणणार नाही, टीबी आहेच आपल्याकडे तेवढा. बेडका तपासायचा तर मला बेडका येतच नव्हता, वाफ देऊन कसाबसा काढला, तो निगेटिव्ह आला. तरीपण एकेटी म्हणजे टीबीची औषधं चालू केली, म्हणाले दोन महिने बघू. दोन महिने लघवी केशरी, तोंडाला चव नाही, उलट्या, सहा किलो वजन उतरलं. घरात मी आपणहून माझं ताट-तांब्या वेगळं केलं. मुलगी तेव्हा जवळ येऊन बसायची आणि मी तिला लांब हो म्हणायचे, ते आठवलं की अजून वाईट वाटतं, कारण मला टीबी नव्हताच. दोन महिन्यांनी परत एक्सरे काढला तर डाग जिथल्या तिथे, एकही कमी नाही, वाढलेला नाही.

मग सीटी स्कॅन झाला, त्यात १४ गाठी मोजल्या, सगळ्यात मोठी सव्वादोन सेंटीमीटरची. आता टीबीचं नाव मागे पडलं आणि कॅन्सरचं पुढे आलं. दोन्ही बाजूला इतक्या गोल गाठी म्हणजे कुठून तरी पसरलेला कॅन्सर, मूळ शोधा. मग मूळ शोधायला मॅमोग्राफी, थायरॉइडची सोनोग्राफी, आतड्याची दुर्बीण, शेवटी मोठ्या शहरात जाऊन पेट स्कॅन, म्हणजे कॅन्सर शोधायचा सगळ्या शरीराचा स्कॅन. मूळ कुठेच सापडेना, आणि पेट स्कॅनमध्ये त्या गाठी चमकायला हव्या तशा चमकल्या नाहीत. तरी एका ठिकाणी सांगितलं की मूळ सापडत नसलं तरी केमो लवकर चालू करावी लागेल, उशीर नको. मिस्टरांनी पीएफमधून पैसे काढायचा अर्ज पण भरला होता.

या सगळ्यात मला एक सांगायचंय. चार महिन्यांत मी सहा वेगवेगळ्या डॉक्टरांना दाखवलं. प्रत्येकाने विचारलं, आधी काही आजार? मी प्रत्येकाला सांगितलं की नाही, बीपी नाही, शुगर नाही. पिशवीचं ऑपरेशन झालंय हे मी फक्त दोघांना सांगितलं, तेही पाळी कधी आली होती विचारलं म्हणून. त्यांनीही ते लिहून घेतलं, पण गाठी होत्या का, किती होत्या, रिपोर्ट काय होता, हे कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. पिशवी पोटात आणि डाग छातीत, यांचा काही संबंध असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

नोव्हेंबरमध्ये सुईने बायोप्सी केली. सीटीच्या मशीनमध्ये पालथं झोपवून, पाठीतून सुई घालून फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा काढतात, मधेमधे श्वास धरा म्हणतात आणि आपण हलायचं नाही. चार तासांनी परत एक्सरे काढून फुप्फुसात हवा तर शिरली नाही ना बघतात. दुखलं फार नाही, पण एवढे चार तास मी आयुष्यात कधी मोजले नव्हते.

तिसऱ्या दिवशी पॅथॉलॉजीच्या मॅडमचा स्वतःहून फोन आला. पहिलाच प्रश्न, "ताई, तुमच्या गर्भपिशवीत कधी गाठी होत्या का?" मी हो म्हटल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, उद्या या, जुना रिपोर्ट घेऊन या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मायक्रोस्कोपमधून स्लाइड दाखवली. गुलाबी रंगाच्या लांबट पेशी, वेणीचे पेड घालावेत तशा एकमेकींत गुंफलेल्या, शांत, सगळ्या सारख्या. मॅडम म्हणाल्या, हे फुप्फुसाचं मांस नाही, हे गर्भपिशवीच्या स्नायूचं आहे. पुढच्या तपासण्यांमध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्हीचे रिसेप्टर पॉझिटिव्ह आले, म्हणजे बायकांच्या हार्मोन्सवर वाढणाऱ्या पेशी. आजाराचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं, बिनाइन मेटास्टसायझिंग लिओमायोमा. कॅन्सर नसलेली, पण पसरणारी फायब्रॉइडची गाठ. मी म्हटलं साधी गाठ पण आणि पसरते पण, हे कसं, तर त्या म्हणाल्या की ह्या नावावरून डॉक्टर लोकांतच कित्येक वर्षं वाद आहे. १९३९ मध्ये स्टायनर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं, आणि अजूनही जगात नोंदलेल्या केसेस फार थोड्या आहेत.

मला जेवढं समजलं ते सांगते. फायब्रॉइड म्हणजे पिशवीच्या स्नायूतच वाढणारी गाठ. त्यातल्या काही पेशी शिरेतून रक्तात जातात, कधी आपोआप, कधी ऑपरेशनच्या वेळी गाठ हलवताना कापताना, आणि रक्ताबरोबर वाहत फुप्फुसाच्या बारीक नळ्यांमध्ये अडकून तिथेच हळूहळू वाढतात, असं बहुतेक डॉक्टर मानतात. सगळ्यांनाच हे मान्य आहे असं नाही, पण पिशवीतल्या आणि फुप्फुसातल्या गाठीच्या पेशी जनुकांच्या तपासणीत एकाच मुळाच्या निघाल्यात. बहुतेक जणींची आधी पिशवी काढलेली किंवा पिशवीतली गाठ काढलेली असते आणि हे दिसतं ते दहा-पंधरा वर्षांनी, तेही दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या एक्सरेत. त्रास बऱ्याच जणींना काहीच नसतो, काहींना खोकला किंवा धाप असते. कॅन्सरसारखं हे फुप्फुस कुरतडत नाही, बाजूला सरकवून बसतं. पाळी कायमची जाते तेव्हा हार्मोन्स कमी होतात आणि गाठी बऱ्याचदा थांबतात किंवा आक्रसतात.

आता जुन्या रिपोर्टचं. मॅडमना तो कशाला हवा होता, तर त्यांना खात्री करायची होती की २०११ ची गाठ खरंच साधी होती, त्यात तेव्हा नजरेतून सुटलेला सार्कोमा म्हणजे स्नायूचा कॅन्सर नव्हता. दोन्ही वरवर सारखे दिसू शकतात. पेशी किती फुटतायत म्हणजे एकीच्या दोन होतायत, किती वेड्यावाकड्या आहेत, मधे मेलेला भाग आहे का, यावरून फरक करतात, आणि सुईने काढलेल्या तेवढ्याशा तुकड्यावर सगळा भार टाकता येत नाही. जुना रिपोर्ट मिळाला तर उत्तम, आणि मेणातला जुना ब्लॉक मिळाला, म्हणजे काढलेल्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, तर त्याहून उत्तम, कारण त्याच्या नव्या स्लाइड काढून परत बघता येतं.

मी नर्सिंग होममध्ये गेले. डॉक्टरबाई आता नसतात, मुलगा बघतो. त्याने मदत करायचा प्रयत्न केला पण २०११ चे केसपेपर नाहीत, म्हणाला एवढे जुने आम्ही ठेवत नाही. तपासणी ज्या लॅबला गेली होती ती लॅब बंद पडून तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. ब्लॉक गेला तो गेलाच.

आणि नेमक्या त्याच नोव्हेंबरमध्ये आमच्या शाळेत काय चाललं होतं माहितीये का, मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायचं काम. शिंदे समितीचं काम राज्यभर लागू झालं होतं आणि प्रत्येक शाळेला जुनी रजिस्टरं काढून तपासायला सांगितलं होतं. आम्ही कपाटाच्या तळातून जनरल रजिस्टरं काढली, पानं पापडासारखी झालेली, काहींत मोडी, एकेक पान दोन हातांनी उलटायचं. शंभर वर्षांपूर्वी पहिलीत घातलेल्या पोराचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण, सगळं जागच्या जागी होतं. मी ती पानं बघत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, बरोबरच्या गुरुजींना वाटलं धुळीने. गावातल्या कुणाच्या पणजोबाची नोंद शंभर वर्षं टिकते आणि माझ्या शरीरातून काढलेल्या अवयवाची नोंद बारा वर्षं टिकत नाही.

मग कळलं की ती टिकावी असा नियमच नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत भरती झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवायचं असं आहे, आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. म्हणजे त्या नर्सिंग होमने नियम मोडला नाही. पण संपादक साहेब, हा आजार वर येतो दहा-पंधरा वर्षांनी आणि कागद ठेवायची मुदत तीन वर्षं, याचा मेळ कसा बसायचा? आणि हा एकच आजार नाही, काढलेल्या गाठीचं जुनं उत्तर पुढे कधी लागेल ते कुणालाच सांगता येत नाही. पिशवी, स्तनाची गाठ, अंडाशय, जे जे शरीरातून काढून तपासायला जातं त्याचा रिपोर्ट तरी कायमचा ठेवा, एक पान असतं ते. आता तर सरकारचं आरोग्याचं आभा कार्ड आहे, १४ आकडी नंबर आहे, शाळेत आमच्या सगळ्यांचे काढून घेतले, पण माझ्या आभामध्ये माझं २०११ चं ऑपरेशन नाही. नवीन ऑपरेशनांचे रिपोर्ट तरी त्यात आपोआप जातील अशी सक्ती करायला काय हरकत आहे.

माझा रिपोर्ट शेवटी सापडला. सासूबाईंनी शोधला. लग्नातल्या पत्र्याच्या ट्रंकेत, मुलांच्या जन्मदाखल्यांच्या आणि एलआयसीच्या पावत्यांच्या मधे, चार घड्या पडलेला, घडीवर शाई पुसलेली. त्यात लिहिलं होतं तीन लिओमायोमा, पेशी फुटण्याचं प्रमाण अगदी कमी, मेलेला भाग नाही. मॅडमनी तो वाचला, परत वाचला, आणि म्हणाल्या, ताई, हा कागद नसता तर मला अजून एक मोठी बायोप्सी सांगावी लागली असती, छाती उघडून. केमोचा विषय तिथेच संपला. एकेटी आधीच बंद झाली होती. पीएफचा अर्ज मिस्टरांनी परत घेतला. त्या दिवशी घरी येताना आम्ही दोघं एसटीत एक शब्द बोललो नाही, नुसते हात धरून बसलो होतो.

हे कळल्यावर मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना विचारलं. आमच्या केंद्रातल्या शाळा धरून सात जणींची पिशवी काढलेली निघाली. रिपोर्ट हातात असलेल्या दोघी. तिघींना आठवतच नाही की रिपोर्ट मिळाला होता का. एक म्हणाली भांड्यात घालून पिशवी नातेवाइकांना दाखवली, मग पुढे काय केलं माहीत नाही. आम्ही शिकलेल्या, पगारी बायका, आमची ही गत, तर बीडच्या ऊसतोड बायकांचं काय. २०१९ ला त्यांच्या पिशव्या काढण्याचा विषय सगळ्या पेपरांत आला होता, नीलमताई गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती आणि ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या किती जणींकडे कागद असेल? त्या बायका सहा महिने फडावर, कोपीत राहतात, कागद ठेवायचा कुठे. उद्या त्यांच्यातल्या एखादीच्या छातीत असे डाग दिसले तर तिला टीबी म्हणतील नाहीतर कॅन्सर म्हणतील, आणि खरं काय ते शोधायला तिच्याकडे ना पैसे ना जुना रिपोर्ट. विनाकारण पिशव्या काढण्याबद्दल सुप्रीम कोर्टाने पण २०२३ मध्ये राज्यांना मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलंय. कागद बाईच्या हातात गेला पाहिजे यावरही तेवढाच जोर दिला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

हे वाचून कुणी घाबरू नका, हात जोडून सांगते. फायब्रॉइड फार कॉमन आहे, अमेरिकेतल्या पाहणीत तर पन्नाशीपर्यंत दहातल्या सात-आठ जणींना निघालंय, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांच्या गाठी पिशवीतच राहतात. गाठ आहे म्हणून पसरेल या भीतीने पिशवी काढून घ्यायला धावू नका, उलट माझं तर पिशवी काढल्यावरच हे निघालं. त्रास नसेल तर बऱ्याच गाठी नुसत्या बघत राहिल्या तरी चालतं. आणि दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं असेल तर एक प्रश्न जरूर विचारा, की गाठ आत मशीनने बारीक करून काढणार का, आणि बारीक करताना ती बंद थैलीत धरणार का. त्या मशीनला मॉर्सेलेटर म्हणतात. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याच्याबद्दल इशारा दिला होता, कारण गाठीत लपलेला सार्कोमा असेल तर तुकडे पोटभर उडतात, आणि साध्या गाठीचे तुकडे सुद्धा पोटात दुसरीकडे रुजल्याच्या केसेस आहेत. दुर्बीण वाईट असं अजिबात नाही, बाईला लवकर उठता येतं, फक्त विचारून घ्या.

माझ्यावर सध्या औषध चालू नाही. अंडाशयं काढणं, हार्मोन दाबणारी इंजेक्शनं, गोळ्या, असे मार्ग सांगितलेत, पण रक्ताच्या तपासणीत माझी पाळी जाण्याची वेळ जवळ आलीय असं दिसलं म्हणून डॉक्टर म्हणाले थांबू, दर सहा महिन्यांनी सीटी करू. आत्तापर्यंत तीन झाले. १४ पैकी १२ तेवढ्याच आहेत, दोन थोड्या लहान झाल्यात. मनाने हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत एवढी ताकीद आहे. मी परत चालत शाळेत जाते. आता कुठल्याही डॉक्टरकडे गेले, अगदी दाताच्या, तरी आधी सांगते की माझी पिशवी काढलीय, गाठी होत्या, आणि त्या छातीत आहेत.

गेल्या पंधरवड्यात माझ्या धाकट्या जाऊबाईंचं पिशवीचं ऑपरेशन झालं. मी बरोबर होते. डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर म्हणाले रिपोर्ट फाइलला लावून ठेवू, तुम्हाला काय करायचाय. मी म्हटलं मूळ प्रत आम्हाला द्या आणि ब्लॉकचा नंबर पण त्यावर लिहून द्या. तो मुलगा जरा चिडला, मग आतून डॉक्टर आले, त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं तसं त्यांनी लिहून सही करून दिलं. घरी येऊन त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या, मोबाइलमध्ये फोटो काढून त्यांच्या मुलीला पाठवला, आणि मूळ कागद घडी न घालता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून रेशनकार्डाच्या मागे ठेवलाय.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका, सांगली जिल्हा
(कृपया नाव छापू नये)